जागेचे भाडे आणि देशाची पत : माल्टाची कहाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी तो थोडासा नव्याने मांडला आहे.)

या व्याख्यानासाठी मी माल्टा हा विषय सुचविला, तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, "अहो, नकाशावर बोट ठेवले तर बोटाखाली झाकला जाईल एवढासा तो देश. त्याच्याविषयी तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. या लेखाच्या अखेरीस आपणच त्याचे उत्तर ठरवावे, अशी माझी विनंती आहे.

माल्टाचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या घरांत फार पूर्वीच येऊन गेले आहे. वडीलधाऱ्यांच्या तोंडून 'असीर-ए-माल्टा', म्हणजे माल्टाचे बंदिवान, हा शब्द आपण ऐकला असेल. देवबंदच्या दारुल उलूमचे मौलाना महमूद हसन, ज्यांना पुढे शैखुल हिंद म्हणून ओळखले गेले, त्यांना १९१६ च्या अखेरीस हिजाजमध्ये पकडण्यात आले आणि १९१७ च्या आरंभी इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर नेऊन ठेवले. मौलाना हुसेन अहमद मदनी त्यांच्यासोबत होते. १९१९ मध्ये इजिप्तचे नेते साद जगलूल यांनाही इंग्रजांनी तेथेच धाडले. शैखुल हिंद जून १९२० मध्ये मुंबईच्या बंदरावर उतरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, प्रकृती अगदी खालावलेली असताना, अलिगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाच्या स्थापनेस हजर राहिले. महिनाभरातच त्यांचे निधन झाले.

आपल्या लेखी माल्टा म्हणजे एक तुरुंग होता. परंतु त्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर जी माणसे राहत होती, तीही परक्यांच्याच सत्तेखाली होती, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही. त्या माणसांचे पुढे काय झाले? ती स्वतंत्र कधी झाली? स्वतंत्र झाल्यावर पोट कशावर भरू लागली? आणि मोठमोठ्या राष्ट्रांच्या पंगतीत त्यांना कोणी विचारले का? आज आपण एवढेच पाहणार आहोत.

प्रथम जागा समजून घेऊ. युरोपच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राच्या अगदी मध्यावर हा बेटांचा पुंजका आहे. उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर सिसिली, दक्षिणेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर लिबियाचा किनारा. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही वस्तीची तीन बेटे. सारे क्षेत्रफळ मिळून ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही हा देश लहान. बारमाही नदी नाही, डोंगर नाही, जंगल नाही, खनिज नाही. पिवळसर चुनखडीचा दगड, थोडीशी माती आणि एक उत्तम नैसर्गिक बंदर, एवढेच अल्लाने त्यांच्या पदरात घातले.

हे बंदर हेच त्यांचे भाग्य आणि हेच त्यांचे दुर्दैव. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जहाजाला येथे थांबावेसे वाटते आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या सैन्याला हे बेट ताब्यात असावेसे वाटते. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटे सेंट जॉनच्या सरदारांना बहाल केली. त्याबद्दल वर्षाला किती खंड ठरला असेल? एक ससाणा पक्षी! देश द्यायचा आणि भाडे म्हणून वर्षाकाठी एक ससाणा घ्यायचा. बेटावरच्या लोकांना कोणी विचारलेही नाही. १७९८ मध्ये नेपोलियन आला, १८०० मध्ये इंग्रज आले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने माल्टा रीतसर ब्रिटिश साम्राज्यात गेला.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या वाटेवर माल्टा हा महत्त्वाचा टप्पा ठरला. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजात घालून माल्टाला आणून ठेवले होते. लढाई झाली नाही. ते सैनिक पुढे परतले. पण पारतंत्र्याचा व्यवहार कसा असतो पाहा. सैनिक एका गुलाम देशाचे, बेट दुसऱ्या गुलाम देशाचे आणि भांडण तिसऱ्याचेच!

दुसऱ्या महायुद्धात तर या बेटावर बॉम्बचा अक्षरशः पाऊस पडला. लोक दगडात खोदलेल्या आसऱ्यांत राहिले, उपासमार सोसली. एप्रिल १९४२ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी शौर्याबद्दल साऱ्या बेटालाच 'जॉर्ज क्रॉस' हे पदक दिले. आजही माल्टाच्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात ते पदक आहे. पदक मिळाले, परंतु युद्ध संपल्यावर प्रश्न उरला तो भाकरीचा. बेटावरील हजारो कुटुंबे ब्रिटिश आरमाराच्या गोदीवर आणि लष्करी छावण्यांवर जगत होती. साम्राज्य आटोपते घेतले जाऊ लागले, तशी ती रोजी कमी होऊ लागली. युद्धानंतरच्या तीन दशकांत एक लाखाहून अधिक माणसे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये पोटासाठी निघून गेली. ज्या देशाची लोकसंख्याच त्या वेळी सव्वातीन लाखांच्या आसपास, त्या देशाच्या दृष्टीने हा आकडा किती मोठा आहे, हे कोकणातील आपल्या गावांतून मुंबईस आणि आखातात माणसे जाताना पाहिलेल्यांना सांगावयास नको.

आता आपल्याला आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. १९५६ मध्ये माल्टाच्या लोकांसमोर प्रश्न ठेवण्यात आला तो स्वातंत्र्याचा नव्हे, तर ब्रिटनमध्येच सामील होण्याचा. पंतप्रधान डॉम मिंटॉफ यांची ती योजना होती. मतदान केलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी 'होय' म्हटले. मात्र विरोधकांनी बहिष्कार घातल्याने मतदान साठ टक्क्यांच्या आतच राहिले. पुढे पैशांच्या आणि गोदीतील नोकऱ्यांच्या प्रश्नांवर बोलणी फिसकटली. धनी आपल्याला बरोबरीने घरात घेत नाही, हे कळल्यावर मग वेगळे घर करण्याचा विचार पक्का झाला. २१ सप्टेंबर १९६४ रोजी जॉर्ज बोर्ज ऑलिव्हिए पंतप्रधान असताना माल्टा स्वतंत्र झाला.

परंतु हे स्वातंत्र्य कसे होते? ब्रिटिश सैन्य दहा वर्षांसाठी तेथेच राहणार होते आणि त्या दहा वर्षांत पाच कोटी पौंडांचे साहाय्य मिळणार होते. म्हणजे झेंडा आपला. पण संसार जागेच्या भाड्यावर. १९७१ मध्ये मिंटॉफ पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी भाडे वाढवून मागितले. मोठी घासाघीस झाली. मार्च १९७२ च्या करारान्वये ब्रिटन आणि नाटोतील इतर देशांनी मिळून वर्षाला एक कोटी चाळीस लाख पौंड द्यावयाचे ठरले. मुदत होती ३१ मार्च १९७९ पर्यंत. डिसेंबर १९७४ मध्ये माल्टा प्रजासत्ताक झाला आणि ठरल्या दिवशी, ३१ मार्च १९७९ रोजी, ब्रिटिश सैन्याचा तळ उठला. कित्येक शतकांनंतर बेटावर परका सैनिक उरला नाही. तो दिवस तेथे 'स्वातंत्र्यदिना'खेरीज 'मुक्तिदिन' म्हणून वेगळा साजरा होतो.

भाडेकरू गेला, हे खरे. पण भाडेही गेले. मग जगायचे कशावर?

येथून माल्टाच्या खऱ्या कर्तृत्वाची कहाणी सुरू होते. आरमाराची गोदी व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीकडे वळविण्यात आली. चीनच्या मदतीने तीन लाख टनांची जहाजे घेऊ शकेल असा नवा धक्का बांधण्यात आला. कापड, तयार कपडे, खेळणी आणि पुढे इलेक्ट्रॉनिक भाग बनविणारे परदेशी कारखाने आणण्यात आले. जगभर मुलांच्या हाती दिसणारी प्लेमोबिलची चिमुकली माणसे माल्टातच घडतात. १९७३ मध्ये स्वतःची विमान कंपनी स्थापन झाली, ती पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सच्या सहकार्याने. एप्रिल १९७४ मध्ये तिची विमाने उडू लागली. युरोपातील थंडीने गारठलेले लोक उन्हासाठी येऊ लागले आणि पर्यटन हा मोठा धंदा झाला. पाणी अपुरे होते, म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी समुद्राच्या पाण्यातील मीठ वेगळे काढणारा मोठा प्रकल्प उभारला. आज पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा असा समुद्रातून येतो.

सारेच यशस्वी झाले असे नाही. गोदी वर्षानुवर्षे तोट्यात चालली. रोजगार जाऊ नयेत म्हणून सरकार पैसा ओतत राहिले आणि अखेर २०१० मध्ये ती खाजगी कंपनीकडे सोपवावी लागली. विमान कंपनीही मार्च २०२४ मध्ये बंद करून तिच्या जागी दुसरी उभारावी लागली. केवळ देशप्रेमाने कारखाना चालत नाही, हिशेबही जुळावा लागतो. हा धडा त्यांनी महागात घेतला.

येथवर झाली पोटाची गोष्ट. आता शब्दाची गोष्ट पाहू; कारण माझ्या मते माल्टाचा जगावर जो ठसा उमटला, तो बंदरामुळे नव्हे, तर शब्दामुळे.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघात माल्टाचे प्रतिनिधी आर्व्हिड पार्डो बोलावयास उभे राहिले. त्यांनी विषय मांडला समुद्राच्या तळाचा. खोल समुद्राच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे गोळे पडलेले आहेत. यंत्रे असलेली बलाढ्य राष्ट्रे उद्या ती संपत्ती लुटून नेतील आणि समुद्राच्या तळावर शस्त्रेही मांडतील, असा इशारा त्यांनी दिला. हा तळ कोणाच्याही मालकीचा नसून तो साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानला जावा, अशी त्यांची मागणी होती.

विचार करा, ही मागणी अमेरिकेने केली असती तर रशियाने संशय घेतला असता. रशियाने केली असती तर अमेरिकेने. ती केली तीन लाख वस्तीच्या एका बेटाने, म्हणून ती ऐकली गेली. १९७० मध्ये आमसभेने हे तत्त्व जाहीर केले. १९८२ मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे समुद्रविषयक कायद्याच्या करारावर सह्या झाल्या, त्यात हे तत्त्व लिहिले गेले आणि १९९४ मध्ये तो करार अंमलात आला.

या गोष्टीचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ च्या जानेवारीत 'गवेषणी' या जहाजावरून समुद्रतळातील असे गोळे प्रथम वर काढले. १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यभागी असे खनिज शोधण्यासाठी राखीव क्षेत्र मिळविणारा पहिला देश भारत ठरला. ज्या व्यवस्थेखाली हे क्षेत्र मिळाले, तिचे बीज पार्डो यांच्या त्या भाषणात होते. श्रीमंत देश आधी पोहोचले म्हणून सारे त्यांचेच, असा न्याय चालू राहिला असता, तर आपला क्रमांक लागला असता का, हे आपणच ठरवा.

अशी आणखी उदाहरणे आहेत. १९७५ च्या हेलसिंकी परिषदेसाठी युरोप व अमेरिकेतील ३५ राष्ट्रे सुरक्षा आणि सहकार्याचा जाहीरनामा तयार करीत होती. सर्वांच्या संमतीखेरीज तो होणार नव्हता. माल्टाने आग्रह धरला की, भूमध्य समुद्राच्या काठी, अरबांच्या किनाऱ्यावर शांतता नसेल तर युरोपात ती टिकणार नाही. तेव्हा त्याचा उल्लेख झालाच पाहिजे. मोठी राष्ट्रे वैतागली, परंतु तो भाग घालावा लागला. १९८८ मध्ये पृथ्वीच्या हवामानाचे रक्षण हा साऱ्या मानवजातीचा प्रश्न आहे, असा ठराव आमसभेत माल्टानेच आणला आणि तो मंजूर झाला. तापमानवाढीची चर्चा आज घरोघर होते. त्या वेळी ती फारच थोड्यांना माहीत होती.

लष्करी तळ उठल्यावर माल्टाने तटस्थतेचे धोरण घेतले. १९८० मध्ये इटलीने त्या तटस्थतेची हमी दिली आणि १९८७ मध्ये ती राज्यघटनेतच घालण्यात आली. आपल्या अलिप्ततावादाच्या धोरणाशी या विचाराचे नाते आहे, हे आपल्या लक्षात येईल. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह शीतयुद्ध मिटविण्याच्या दिशेने बोलावयास भेटले, ते माल्टाच्या मार्साश्लोक उपसागरात, 'मॅक्सिम गॉर्की' या जहाजावर. ज्या बेटावर एकेकाळी युद्धाची तयारी होत असे, तेथे आता तहाची बोलणी झाली. त्या दिवसांत समुद्र एवढा खवळला होता की काही भेटी रद्द कराव्या लागल्या. पण बोलणी झाली ती झालीच.

शेजाऱ्याशी मैत्रीही सोपी नव्हती. लिबियाने माल्टाला पैसा आणि तेल देऊन मदत केली. तरी ऑगस्ट १९८० मध्ये दोघांच्या मधल्या समुद्रात माल्टाच्या परवान्याने तेल शोधणाऱ्या इटालियन जहाजाला लिबियाच्या आरमाराने काम थांबवावयास लावले. माल्टाकडे लढण्याजोगे आरमार नव्हते. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये निकाल लागून सीमारेषा कशी आखावी हे ठरले. दुबळ्याचे संरक्षण तलवारीने होत नाही, ते कायद्याने होते. म्हणूनच लहान देशाला कायदा जाणणारी माणसे मोठ्या देशापेक्षा अधिक लागतात.

१ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि १ जानेवारी २००८ पासून तेथे युरो हे चलन आले. ज्या मार्साश्लोक उपसागरात बुश आणि गोर्बाचेव्ह भेटले, तेथेच १९८८ पासून मुक्त बंदर उभे राहिले होते. मोठ्या जहाजांतील मालाच्या पेट्या उतरवून लहान जहाजांत भरण्याचे काम तेथे चालते. माल्टाच्या ध्वजाखाली नोंदलेल्या जहाजांचा ताफा युरोपातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. बँका, विमा, औषधे, संगणकावरील जुगाराच्या कंपन्या, असे अनेक व्यवसाय आले. संघात सर्वांत कमी वस्तीचा हा देश. पण २०१७ च्या पूर्वार्धात संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद त्याने सांभाळले. २०२२ मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्षपदी माल्टाच्या रॉबेर्टा मेत्सोला निवडून आल्या. २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षे माल्टा सुरक्षा समितीवर होता. एकेकाळी माणसे बाहेर पाठविणाऱ्या या देशात आता बाहेरून माणसे येतात. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाख एकोणीस हजार भरली आणि त्यांत दर पाचांमागे एकाहून अधिक परदेशी होते. त्यांत आपले भारतीयही बरेच आहेत.

वाचकहो, गोष्ट येथे संपविली असती तर गोड झाली असती. पण ती अर्धीच झाली असती. कारण भरभराटीबरोबर जुनी खोडही परत आली. पूर्वी परके लोक माल्टाची जागा भाड्याने घेत. आता माल्टा आपले नाव भाड्याने देऊ लागला. कंपन्यांसाठी कर कागदावर ३५ टक्के. पण परदेशी भागधारकांना त्यातील बहुतेक परत मिळून प्रत्यक्षात तो पाच टक्क्यांच्या आसपास येई. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे पारपत्राची विक्री. २०१४ पासून श्रीमंत परदेशी माणसाने साडेसहा लाख युरो व इतर काही गुंतवणूक भरली की त्याला माल्टाचे, अर्थात सबंध युरोपीय संघाचे, नागरिकत्व मिळू लागले. तिजोरी भरली. पण प्रश्न असा की, ज्या मातीसाठी लोकांनी बॉम्ब सोसले, तिचे नागरिकत्व दुकानात मांडावे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार होत्या. सत्तेवरील माणसांचे पैशाचे व्यवहार त्या उघड करीत. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवून त्यांची हत्या करण्यात आली. हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधानांना पद सोडावे लागले. २०२१ मध्ये न्यायाधीशांच्या चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटले की, गुन्हेगारांना भीतीच उरू नये असे वातावरण निर्माण होऊ देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. त्याच वर्षी काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने माल्टाचे नाव संशयित देशांच्या यादीत घातले. ते निघायला एक वर्ष लागले. आणि २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, नागरिकत्वाची अशी विक्री संघाच्या कायद्यात बसत नाही.

आता या साऱ्याची मांडणी करू. किंमत आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत गिऱ्हाईक ठरवितो आणि त्याची गरज संपली की ती उतरते. ससाणा असो, कोटी पौंड असोत की पारपत्राचे लाखो युरो असोत, ती सारी किंमत होती. पत मात्र आपण कमवावी लागते. पार्डो यांचे भाषण, हेगच्या न्यायालयात नेलेला वाद, तटस्थतेचे वचन, हवामानाचा ठराव, ही माल्टाची पत होती. त्यांतून तिजोरीत एक पैसाही आला नाही. पण जगाने या देशाला बोलावले, विचारले, त्याच्या अंगणात येऊन तह केले. ज्या वर्षी माल्टाने पतीला किंमत लावली, त्याच वर्षापासून ती पत उतरू लागली.

ही पत आली कोठून? माझे उत्तर शिक्षण हे आहे. तेथील विद्यापीठाचे मूळ १५९२ च्या एका महाविद्यालयात आहे. तरीही सर्वसामान्यांच्या मुलांसाठी शाळा सक्तीची झाली ती १९४६ मध्ये, आणि स्वातंत्र्यानंतर १९७४ मध्ये ती सोळा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. विद्यापीठाचे शिक्षणही देशातील मुलांना मोफत झाले. त्यातून वकील, डॉक्टर, मुत्सद्दी, अभियंते निर्माण झाले. खनिज नसलेल्या देशाने माणूस घडविला.

आणि आपल्या भाषेची त्यांनी लाज बाळगली नाही. माल्टी भाषा मूळ अरबीतून निघालेली आहे. त्या बेटावर मुस्लिम राज्य होते त्या काळातली. पुढे तिच्यात इटालियन शब्द मिसळले आणि ती रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. तेथील लोक कॅथलिक ख्रिस्ती आहेत, पण देवाला 'अल्ला' म्हणतात. त्यांच्या उपवासाच्या काळाचे नाव 'रांदान' आहे. पुस्तकाला ते 'क्तीब' म्हणतात. आपला 'किताब' तो हाच. शेकडो वर्षे ही भाषा स्वयंपाकघराची आणि बाजाराची मानली गेली. दरबारात आणि कचेरीत इटालियन चाले. १९३४ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि २००४ पासून ती युरोपीय संघाच्या राजभाषांपैकी एक आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, अशा परिस्थितीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. भाषा लहान नसते. तिच्यात लिहिणारे थांबले म्हणजे ती लहान होते.

आपली संस्थाही लहान आहे. आपल्यापाशी मोठी जमीन नाही, मोठा निधी नाही. कोणी जागेला भाडे देतो म्हणून वर्गखोली द्यावी, कोणी देणगी देतो म्हणून गुणपत्रकाकडे डोळेझाक करावी, असे मोह प्रत्येक संस्थेला होतात, आपल्यालाही होतील. तेव्हा या बेटाची आठवण ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे. मिळालेले भाडे खर्च होऊन जाते. आपण घडविलेला विद्यार्थी आणि आपल्या प्रमाणपत्रावरचा लोकांचा विश्वास मागे राहतो.

ज्या बेटावर शैखुल हिंद तीन वर्षे बंदिवान होते, तेथून परतल्यावर आयुष्याचे उरलेले थोडे दिवस त्यांनी एका विद्यापीठाच्या पायाभरणीस दिले. बोटाखाली झाकल्या जाणाऱ्या त्या देशाविषयी तासभर का बोलावे, असे आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी विचारले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी माझ्याकडून नकाशा मागून घेतला आणि तो शाळेच्या वाचनालयात लावला आहे. आपण तेथे आलात तर जरूर पाहावा.